जर्मन बोलताना इंग्रजी अक्षरं विसरा

प्रश्न : माझं वय २६. जीएनएम करून सांगलीत एका खासगी रुग्णालयात काम करते. जर्मनीत परिचारिका म्हणून जायचं ठरवलं आहे, म्हणून चार महिन्यांपूर्वी ए-वनचा, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीचा, क्लास लावला. व्याकरणाचे पेपर बरे जातात. पण तोंडी सरावासाठी एका जर्मन बाईंशी व्हिडिओवर बोलायला दिलं, तेव्हा त्या जवळजवळ प्रत्येक वाक्यानंतर ‘काय म्हणालात?’ विचारत होत्या. शेवटी मी गप्पच बसले. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं, इंग्रजी कच्चं आहे. क्लासमधल्या मुली म्हणतात, इंग्रजी चांगलं असल्याशिवाय जर्मन उच्चार जमत नाहीत. हे खरं आहे का? घरच्या घरी उच्चार आणि साधं बोलणं कसं सुधारू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, हे अजिबात खरं नाही. उलट बहुतेकांचे जर्मन उच्चार बिघडतात ते इंग्रजीमुळेच. लिपी तीच दिसते, म्हणून डोळे अक्षरांना इंग्रजी आवाज देऊन मोकळे होतात. जर्मन स्पेलिंग मात्र नियमाला धरून चालतं. पंधरा-वीस नियम पक्के झाले की अनोळखी शब्दही बहुतांशी बरोबर वाचता येतो, आणि इंग्रजीत ही सोय नाही. तुमचं इंग्रजी कच्चं असेल तर मोडायच्या सवयीही कमी आहेत.

सुरुवात स्वरांच्या जोड्यांपासून करा. ‘ई’ आणि ‘आय’ ही अक्षरं या क्रमाने आली की उच्चार ‘आय’: त्स्वाय म्हणजे दोन, ड्राय म्हणजे तीन. क्रम उलटा झाला की दीर्घ ‘ई’: फ़ीअ म्हणजे चार. ‘ई-यू’ म्हणजे ‘ऑय’: नॉयन म्हणजे नऊ, डॉय्च म्हणजे जर्मन भाषा. व्यंजनांत ‘व्ही’ हे अक्षर बहुतेक अस्सल जर्मन शब्दांत ‘फ़’ असतं आणि ‘डब्ल्यू’ हे ‘व’. शब्दाच्या किंवा मूळ धातूच्या सुरुवातीला ‘एस-टी’ आणि ‘एस-पी’ आले की श्ट आणि श्प: श्टुंडं म्हणजे तास, श्प्रेह्यन म्हणजे बोलणं. स्वरानंतरचा ‘एच’ बोलायचा नाही, तो आधीचा स्वर लांबवतो: गेअन म्हणजे जाणं. शब्दाच्या शेवटी आलेले ब, ड, ग कडक होऊन प, ट, क होतात. दिवस म्हणजे टाक, ‘टाग’ नव्हे. आणि म्हणजे उंट, ‘उंड’ नव्हे. ‘एन-जी’मध्ये ग ऐकू येता कामा नये. वाङ्मय म्हणताना जो ङ येतो तिथेच थांबा: वोनुङ म्हणजे घर, फ्लॅट.

आता मराठी जिभेकडे वळू. वर मी ‘श्टुंडं’ असं टिंब देऊन लिहिलं, त्याला कारण आहे. जर्मन शब्दाच्या शेवटी येणाऱ्या एकट्या ‘ई’ अक्षराचा उच्चार ना ‘ए’ असतो, ना ‘ई’. तो ‘केलं’, ‘बरं’, ‘घरं’ या शब्दांच्या शेवटी आपण बोलताना जो अ काढतो, तोच आहे. म्हणून बिटं म्हणजे कृपया, डांकं म्हणजे धन्यवाद, हॉय्टं म्हणजे आज. ‘बिटे’ किंवा ‘डांके’ म्हणू नका. शेवटी ‘ई-आर’ असेल तर तो अ जरा उघडा होऊन आखूड ‘आ’कडे जातो आणि र जवळजवळ नाहीसा होतो. पाणी म्हणजे वासा, वडील म्हणजे फ़ाटा. ‘वासेर’, ‘फ़ाटेर’ म्हटलं की ऐकणारा अडखळतो, कारण त्याच्या कानाला एक जास्तीचा र येतो.

‘झेड’ या अक्षराचा उच्चार त्स आहे, आणि तो मराठीत आहेच: चाक, चमचा, चूल यांतला च. इथे मात्र एक मेख आहे. ‘घराचा’ आणि ‘घराची’ हे दोन शब्द सावकाश म्हणून बघा. पहिल्यात जीभ दातांमागे लागते. दुसऱ्यात आपोआप मागे सरकून टाळूला टेकते. इ आणि ए समोर आले की मराठी जीभ हे करतेच. म्हणून त्सू, त्साल हे शब्द मराठी माणसाला चटकन जमतात, पण दहाचं त्सेन होतं ‘चेन’ आणि खोलीचं त्सिमा होतं ‘चिमा’. उपाय सोपा आहे. ‘घराचा’मधला च धरा, जीभ न हलवता त्याला इ आणि ए लावा. सुरुवातीला त आणि स वेगळे म्हणा, त-सेन, त-सिमा, मग वेग वाढवा. दहा मिनिटांचा सराव आठवडाभर केला तर फरक कानाला कळतो.

हीच अडचण स्वराआधीच्या ‘एस’मध्ये येते. प्रमाण जर्मनमध्ये तो ‘जोर’, ‘जरा’ यांतल्या ज-च्या जवळचा, पण मऊ आणि घासून येणारा ज़ आहे. ‘तुम्ही’ या अर्थाचा ज़ी म्हणताना आपली जीभ ‘जी’कडे पळते आणि शब्द ओळखूच येत नाही. ज़ जमत नसेल तर सरळ ‘सी’ म्हणा. दक्षिण जर्मनीत आणि ऑस्ट्रियात लाखो लोक असाच स बोलतात. ‘सी’ चालतं, ‘जी’ चालत नाही.

र-चंही तसंच. घशातला र काढण्यासाठी गुळण्या केल्यासारखे आवाज करत आठवडे घालवणारे विद्यार्थी बरेच दिसतात. तो वेळ वाया जातो. बायर्नसारख्या (म्हणजे बव्हेरियासारख्या) भागात जिभेच्या टोकाचा र सर्रास ऐकू येतो, आणि आपला मराठी र तोच आहे. फक्त स्वरानंतरचा र विरघळवायला शिका, जसा वर फ़ाटा, वासा आणि फ़ीअमध्ये झाला.

आता ‘सी-एच’. याचे दोन उच्चार आहेत, आणि तुमच्या बोलण्यातला गोंधळ बहुधा इथेच सर्वांत जास्त असेल. आ, ओ, उ, आउ या स्वरांनंतर तो उर्दूतल्या ख़सारखा घशात घासला जातो. बाकी सगळीकडे, म्हणजे इ, ए, आय, ऑय यांच्यानंतर आणि ल, न, र यांच्यानंतर, तो पुढे येतो. पुढचा उच्चार मराठी माणसाला सोपा आहे. ‘ह्या’ म्हणताना सुरुवातीला जिभेच्या पाठीवरून हवा घासत जाते, तेवढाच भाग घ्या आणि आ सोडून द्या. ‘मी’ म्हणजे इह्य, दूध म्हणजे मिल्ह्य. ‘इक’ किंवा ‘इच’ म्हणू नका. ‘इश’ काही बोलींत आहे, पण शिकणाऱ्याने तिकडे जाऊ नये, कारण किर्ह्यं म्हणजे चर्च आणि किर्शं म्हणजे चेरी.

घशातल्या ख़साठी आधी मराठी ख म्हणा. जीभ मागे टाळूला टेकते आणि हवा फुटून बाहेर येते. आता जीभ टेकवूच नका, केसभर फट ठेवा आणि हवा सलग जाऊ द्या. दोन सेकंद लांबवता आला तर ख़ बरोबर. लांबवता येत नसेल तर अजून ख-च आहे. हा आवाज टाळून चालणार नाही. शुभरात्रीचं ‘गूटं नाख़्ट’ म्हणताना ख़ऐवजी क आला तर शब्द ‘नाक्ट’ होतो, आणि त्याचा अर्थ आहे नग्न. रात्रपाळीत ‘गूटं नाख़्ट’ रोज लागेल.

मराठीत अजिबात नसलेले स्वर दोनच: दोन टिंबांचा उ आणि दोन टिंबांचा ओ. मराठी छपाईत ते ‘यु’ आणि ‘यो’ असे लिहिले जातात, त्यामुळे लोक मध्ये य घालतात. य नाही. आरशासमोर बसा. दीर्घ ‘ई’ म्हणायला लागा आणि आवाज न थांबवता ओठांचा ‘ऊ’सारखा चंबू करा. जीभ ई-च्या जागी राहिली पाहिजे, हलले पाहिजेत ते फक्त ओठ. जो आवाज निघेल तो पहिला स्वर. ‘ए’ धरून ओठ ‘ओ’सारखे केले की दुसरा. सुरुवातीला ओठांबरोबर जीभही मागे सरकते आणि साधा ऊ निघतो. तसं होत असेल तर जिभेचं टोक खालच्या दातांना चिकटवून ठेवा. या दोन टिंबांनी अर्थ बदलतो: मुटा म्हणजे आई, टिंबं दिली की अनेक आया. ड्रुकन म्हणजे छापणं, टिंबांचं ड्र्युकन म्हणजे दाबणं. रुग्णाला ‘बेल दाबा’ सांगताना दुसरा शब्द हवा. शोन म्हणजे ‘आधीच’, टिंबांचं श्योन म्हणजे सुंदर. सराव अशा जोड्यांचाच करा. सुटे शब्द म्हणून कान तयार होत नाही.

स्वरांची लांबी ही आपली आणखी एक कमकुवत जागा. ऱ्हस्व-दीर्घ आपण शुद्धलेखनात पाळतो, पण बोलताना इ-ई आणि उ-ऊ यांत फारसा भेद करत नाही. जर्मनमध्ये करावा लागतो. बेट आखूड म्हटलं तर झोपायचा पलंग, लांबवलं तर बागेतला वाफा. ओफ़न आखूड म्हणजे उघडं, लांब म्हणजे शेगडी. मिटं म्हणजे मध्य, मीटं म्हणजे घरभाडं. नियम असा: स्वरानंतर तेच व्यंजन दोनदा आलं तर स्वर आखूड, स्वरानंतर ‘एच’ असेल किंवा स्वरच दोनदा लिहिला असेल तर लांब. आखूड ‘आ’ विशेष जपा. मराठीत आ आखूड नसतो, म्हणून आपण तिथे अ घालतो आणि पुरुषाचा ‘मान’ हा ‘मन’ होतो. ‘आ’च म्हणा, पण अर्ध्यात तोडा.

क, प, ट शब्दाच्या सुरुवातीला आले की जर्मन माणूस त्यांच्यामागून हवा सोडतो, जवळजवळ ख, फ, ठ होतील इतकी. आपला कोरडा क त्यांना ग वाटू शकतो, आणि कार्टन म्हणजे पत्ते याचं गार्टन म्हणजे बाग होतं. तोंडासमोर चार बोटांवर पातळ कागदाची पट्टी धरा; कार्टन म्हणताना ती हलली पाहिजे, गार्टन म्हणताना नाही. ट साठी जीभ मराठी ट-इतकी मागे वळवू नका आणि त-सारखी दातांनाही लावू नका. वरच्या दातांमागच्या हिरडीवर टेकवा.

इतकं सगळं वाचून दडपण येईल. म्हणून क्रम सांगते: आधी शब्दाचा शेवट, म्हणजे टिंबाचा अ आणि ‘ई-आर’, मग ‘सी-एच’, मग दोन टिंबांचे स्वर, मग त्स. बाकीचं हळूहळू येतं. पण या सगळ्यांच्याही आधी आघात. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने बोलतो. जर्मन ऐकणारा शब्द ओळखतो तो कुठल्या अक्षरावर जोर आहे यावरून. जोर चुकला की बाकी उच्चार बरोबर असूनही ‘काय म्हणालात?’ येतं. बहुतेक अस्सल जर्मन शब्दांत जोर पहिल्या अक्षरावर असतो. जोडशब्दात पहिल्या भागावर: क्रांकन्हाउस, म्हणजे रुग्णालय, यात ‘क्रां’वर. बे, गे, फ़ेर, एर, एंट, त्सेर या उपसर्गांवर जोर कधीच नसतो, म्हणून समजण्याच्या फ़ेरश्टेअनमध्ये तो ‘श्टे’वर. सुटणाऱ्या उपसर्गांवर मात्र असतोच: उठणं म्हणजे आउफ़श्टेअन, जोर ‘आउ’वर. ‘ईरन’ने संपणाऱ्या क्रियापदांत जोर त्या ‘ई’वर. वहीत नवा शब्द लिहिताना जोराच्या अक्षराखाली रेघ मारा, आणि बोलताना तिथे टेबलावर टिचकी द्या. तुम्ही हे एकच आजपासून सुरू केलं तरी पुढच्या संभाषणात फरक दिसेल.

आता बोलण्याबद्दल. त्या बाईंनी ‘वी बिटं?’, म्हणजे ‘काय म्हणालात?’, म्हटल्यावर तुम्ही गप्प बसलात, याचं खरं कारण उच्चार नव्हे. अडल्यावर काय म्हणायचं याची वाक्यं तयार नव्हती. स्वतःची ओळख पाठ करण्याआधी ही पाच वाक्यं झोपेतून उठवलं तरी यायला हवीत. ‘इह्य हाबं डास निह्य्ट फ़ेरश्टांडन’: मला कळलं नाही. ‘लाङ्ज़ामा, बिटं’: जरा सावकाश. ‘क्योनन ज़ी डास बिटं वीडाहोलन?’: पुन्हा सांगाल का? ‘वी हाय्स्ट डास आउफ़ डॉय्च?’: याला जर्मनमध्ये काय म्हणतात? ‘वी श्राय्प्ट मान डास?’: हे कसं लिहायचं? समोरच्याला तुमचं कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने ओरडून पुन्हा म्हणू नका. वाक्य आखूड करा, मुख्य शब्दावर जोर द्या, किंवा शब्दाची अक्षरं सांगा.

अक्षरं सांगणं ही वेगळी तयारी आहे, कारण तुमचं नाव तिथे कोणालाच ऐकून लिहिता येणार नाही. जर्मन वर्णमालेत ‘ए’ला आ, ‘ई’ला ए, ‘आय’ला ई म्हणतात. या तिघांत सर्वांत जास्त गल्लत होते. ‘जे’ला योट, ‘जी’ला गे, ‘व्ही’ला फ़ाउ, ‘डब्ल्यू’ला वे, ‘झेड’ला त्सेट. फोनवर शहरांची नावं जोडून सांगतात. २०२२ पासून त्यासाठी शहरांची प्रमाणित यादी आहे. जाधव आडनाव असेल तर येना, आखन, ड्युसलडॉर्फ, हाम्बुर्ग, आखन, फ्योल्कलिंगन. वयस्कर माणसं अजून जुन्या यादीतले आंटोन, बेर्टा, डोरा वापरतात, तेही ओळखता यायला हवेत. आणि आडनाव नुसतं वाचलं तर ते ‘याडहाफ़’ म्हणतील, तेव्हा दचकू नका. त्यांच्या नियमाने ते बरोबर वाचत आहेत.

आकड्यांत मराठी तुमच्या मदतीला येते. सदतीस म्हणजे सात आणि तीस. जर्मनमध्येही आधी सात, मग ‘आणि’, मग तीस: ज़ीबनउंटड्रायसिह्य. इंग्रजीवरून येणारे इथे धडपडतात. आपण अडतो ते एकोणतीस, एकोणचाळीसला, कारण तिथे वजाबाकी नाही, सरळ नऊ आणि वीस, नऊ आणि तीस. लिहिताना एक शिस्त पाळा: दोन्ही भाग ऐकून होईपर्यंत पेन टेकवू नका. सात ऐकताच लिहिलंत तर सदतीसचे त्र्याहत्तर होतात. तापमान सांगताना दशांशाला ‘कोमा’ म्हणतात. रक्तदाब १२०/८० असेल तर ‘हुंडर्टत्स्वांत्सिह्य त्सू आख़्टत्सिह्य’. फोनवर दोनला कधी कधी ‘त्स्वो’ म्हणतात, म्हणजे ड्रायशी गल्लत होत नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र सावध. ‘हाल्प आख़्ट’ शब्दशः अर्धे आठ. ते साडेआठ नव्हेत, साडेसात. आठाकडे जाताना अर्धा तास झाला, असा त्यांचा हिशेब. तुम्ही जिथे जाण्याची शक्यता जास्त आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये (महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार याच राज्याशी केला) अनेक जण ‘फ़िर्टल आख़्ट’ म्हणजे सव्वासात आणि ‘ड्रायफ़िर्टल आख़्ट’ म्हणजे पावणेआठ असंही म्हणतात. औषधाची वेळ असेल तर दरवेळी चोवीस तासांच्या घड्याळात उलट विचारून खात्री करा.

रुग्णाला नेहमी ज़ी, म्हणजे तुम्ही; आणि हेअर किंवा फ़्राउ लावून आडनाव. आपल्याकडे वॉर्डात काका, मावशी म्हणतो तसं तिथे म्हणत नाहीत. अनोळखी माणसाला ते विचित्र वाटेल. सहकाऱ्यांत डू, म्हणजे तू, चालतं, पण सुरुवात त्यांना करू द्या. काही मागताना ‘विल’ टाळा, ‘म्योह्यटं’ वापरा. पहिल्यात ‘पाहिजेच’चा सूर येतो. कामाची वाक्यं आत्तापासून तोंडात बसवा: ‘वो टूट एस वे?’ कुठे दुखतंय? ‘हाबन ज़ी श्मेर्त्सन?’ वेदना आहेत का? ‘इह्य कोमं ग्लाय्ह्य’, मी आलेच.

वाक्यरचनेबद्दल इतकंच: साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी. पण ‘म्योह्यटं’सारखं सहायक आलं की मुख्य क्रियापद शेवटी जातं, अगदी मराठीसारखं. ‘इह्य म्योह्यटं वासा ट्रिंकन’: मला पाणी प्यायचं आहे.

घरचा सराव रोज चाळीस मिनिटं पुरेल, पण रोज. डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचे नवशिक्यांसाठीचे अभ्यासक्रम मोफत आहेत, आणि डूडेनच्या ऑनलाइन शब्दकोशात बहुतेक शब्दांचा उच्चार ऐकायला मिळतो. एका वेळी पाचच वाक्यं घ्या. पहिली दहा मिनिटं पुस्तक मिटून नुसती ऐका. पुढची पंधरा मिनिटं आवाजाच्या मागोमाग, अर्धा सेकंद मागे राहून, म्हणा. अर्थाकडे नको, चढउताराकडे लक्ष द्या. मग फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून मूळ आवाजाशी लागोपाठ लावून ऐका. शेवटची दहा मिनिटं जोड्यांची: फोनच्या कीबोर्डवर जर्मन भाषा निवडा, माइक चालू करा, एकेक सुटा शब्द बोला आणि काय उमटतं ते बघा. पूर्ण वाक्य बोललात तर फोन अंदाजाने दुरुस्त करून देतो आणि चूक लपते, म्हणून इथे सुटेच शब्द. वहीत देवनागरीत उच्चार लिहिता ते ए-वन संपेपर्यंत ठीक. पुढे सोडून द्या, नाहीतर डोळे मूळ स्पेलिंग वाचायला शिकणारच नाहीत.

गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए-वन परीक्षेत, जी पुण्यात आणि मुंबईत मॅक्स म्युलर भवनात होते, तोंडी भाग गटात, साधारण पंधरा मिनिटांचा असतो. आधी स्वतःची ओळख. त्यात एखादा शब्द अक्षरं सांगून आणि एखादा क्रमांक म्हणायला लावतात. मग कार्डावरच्या विषयावर प्रश्न विचारणं आणि उत्तर देणं, शेवटी विनंती करणं आणि तिला प्रतिसाद देणं. उत्तीर्ण व्हायला शंभरपैकी ६० गुण लागतात. क्लासमधली एक मैत्रीण धरून आठवड्यातून दोनदा हे तिन्ही भाग फक्त जर्मनमध्ये, अडलं तर वरची पाच वाक्यं वापरून, पूर्ण करा. आणि त्या बाईंशी पुन्हा बोलायची वेळ मागून घ्या. पहिलंच वाक्य ‘लाङ्ज़ामा, बिटं’ असलं तरी चालेल.